शिळी पोळी चालते, मग करवंटी का नाही? घरच्या खताच्या टोपलीत काय घालावं, काय नाही

पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांत लिफ्टशेजारच्या फळ्यावर गेल्या काही वर्षांत एक सूचना लागली आहे: यापुढे ओला कचरा उचलला जाणार नाही, तो आवारातच जिरवायचा. यामागे केंद्र सरकारचे 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम होते. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, असं त्यांत सांगितलं होतं. मुंबई महापालिकेनेही 2017 मध्ये 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना हेच सांगितलं.

सूचना लागली की प्रश्न सुरू होतात. आमच्या इमारतीत खताचे पिंप बसवले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू डबा घेऊन दारात उभ्या. "अगं, कालची आमटी उरलीये थोडी, टाकू का गं यात?" मागोमाग वरच्या मजल्यावरून लिंबाच्या सालींची विचारणा, मग निर्माल्याची, मग कोंबडीच्या हाडांची. लोक मोबाइलवर शोधतात तर एक यादी म्हणते लिंबू अजिबात नको, दुसरी म्हणते खुशाल टाका. तिसऱ्या यादीत शिजवलेलं अन्न चालतं, चौथीत ते पाप आहे. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि सगळा कचरा पुन्हा एकाच काळ्या पिशवीत जायला लागतो.

मी गेली काही वर्षं बाल्कनीत दोन टोपल्या आणि खाली सोसायटीचे पिंप बघते आहे. त्यावरून सांगते, याद्या पाठ करून उपयोग होत नाही. टोपलीत काय चाललंय ते एकदा समजलं की बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपली आपल्याला देता येतात.

कुजतं म्हणजे काय होतं?

दुधाला विरजण लावतो तेव्हा आपण जिवंत जंतू दुधात सोडतो आणि ते त्यांचं काम करतात. खताच्या टोपलीतही तेच आहे. भाजीची देठं, साली, पानं हे जंतूंचं आणि बुरशीचं खाणं. ते खातात, वाढतात, मरतात, आणि मागे उरतो तो काळा, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारा पदार्थ. तेच खत. बाजारात जे 'कल्चर' मिळतं ते या टोपलीचं विरजणच. ते नसलं तर मूठभर जुनं खत, थोडं शेण किंवा वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडलं तरी भागतं.

या जंतूंना तीन गोष्टी लागतात: खाणं, पाणी आणि हवा. खाणं दोन तऱ्हेचं हवं. हिरवा, ओला कचरा त्यांचं शरीर वाढवतो, त्यात नायट्रोजन जास्त असतो. कोरडा, तपकिरी कचरा त्यांना ऊर्जा देतो, त्यात कार्बन जास्त असतो. साधारण एक भाग नायट्रोजनला पंचवीस ते तीस भाग कार्बन असला की काम झपाट्याने होतं. हे आकडे लक्षात नाही राहिले तरी बिघडत नाही. नुसता वरण-भात जेवायला बसलं तर जेवण होत नाही आणि नुसती चटणीही खाता येत नाही, इतकंच ध्यानात ठेवायचं.

स्वयंपाकघरातल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यात पाणीच ऐंशी-नव्वद टक्के असतं. तो एकटा बादलीत भरला की तळाशी चिखल होतो, हवा कोंडते आणि हवेवर जगणारे जंतू मरतात. त्यांची जागा हवेशिवाय जगणारे जंतू घेतात, आणि त्यांच्या कामाला सडका वास असतो. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच, जमलं तर दुप्पट, कोरडा पाचोळा हवा. पाचोळा पाणी शोषतो, मध्ये फटी ठेवतो आणि जंतूंना कार्बन देतो. तो नसेल तर कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा फाडलेलं वर्तमानपत्र घ्यावं. कोकोपीट खूप पाणी पितं, त्यामुळे निम्म्यानं पुरतं.

"खताला घाण वास येतो" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी टोपली उघडून बघितलं तर पाचोळा कमी पडलेला. टोपलीत काय टाकलं याचा त्या वासाशी फारसा संबंध नव्हता. ओलावा बरोबर आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. मधला मूठभर माल हातात घ्यायचा आणि दाबायचा. मूठ उघडल्यावर त्याचा लाडू राहिला, बोटांना ओल लागली पण पाणी गळलं नाही, तर ठीक. बोटांमधून पाणी निथळलं तर पाचोळा घाला आणि ढवळा. लाडू वळलाच नाही, भुगा सुटला, तर ताकाचं पाणी शिंपडा.

पाचोळा पावसाळ्यात मिळत नाही, मिळाला तर भिजलेला. फाल्गुन-चैत्रात झाडं पानं टाकतात, तेव्हा रस्त्याकडेला ढीग लागतात आणि पुष्कळदा तिथेच पेटवले जातात. ती पानं तेव्हाच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवली की दिवाळीपर्यंत काळजी नाही. आमच्या इमारतीत जिन्याखाली दर वर्षी बारा पोती उभी असतात. पिंपांचा निम्मा यश-अपयशाचा हिशेब तिथेच ठरतो.

सगळी 'नाही' सारखी नसतात

आता याद्यांकडे. 'हे घालू नका' असं म्हणण्यामागे तीन वेगळी कारणं असतात, आणि याद्या ती सगळी एकाच रांगेत उभी करतात. काही वस्तू कुजतात, पण त्यांना फार वेळ लागतो. काही लवकर कुजतात, पण कुजताना वास, उंदीर, माश्या बोलावतात. आणि काही कुजतच नाहीत किंवा मातीत नको ते मागे सोडतात. पहिल्या कारणावर तडजोड करता येते. दुसऱ्याचं उत्तर तुमची टोपली केवढी आहे आणि कुठे आहे यावर ठरतं. तिसऱ्यावर तडजोड नाही.

म्हणून कुठलीही वस्तू हातात आली की स्वतःला हेच विचारायचं: हे कुजेल का, कुजेपर्यंत कोणाला बोलावेल का, आणि मागे काय उरेल?

जे कुजतं, पण दमानं

नारळाची करवंटी, आंब्याची कोय, फणसाचं चारखंड, मक्याचं कणीस, उसाच्या चोयट्या, जाड फांद्या. लाकडाला लाकूडपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ यांच्यात भरपूर असतो आणि तो फोडणं फार थोड्या जंतूंना आणि बुरशीला जमतं. करवंटी घरच्या टोपलीत वर्षानुवर्षं तशीच राहते. तिनं बिघडत काही नाही, फक्त जागा अडते. मी ती सुक्या कचऱ्यात देते किंवा कुंडीच्या तळाशी भोक झाकायला वापरते. नारळाची शेंडी मात्र सोडायची नाही. हातानं पिंजून टाकली की उत्तम कोरडा माल होतो.

आंब्याचा मोसम ही टोपलीची खरी परीक्षा. सालींमुळे चिलटं होतात, त्यांवर पाचोळ्याचा जाड थर हवा. कोय तशीच टाकली तर आतून कोंब येतो आणि जूनमध्ये पिंपात आंब्याची रोपं उभी राहतात. ती बत्त्यानं फोडून टाकावी किंवा आधी उन्हात वाळवावी. बाकी देठं, कोबीचा दांडा, कलिंगडाची साल बारीक चिरून टाकली की बरंच काम हलकं होतं, कारण जंतू वरून खातात आणि चिरल्यावर त्यांना खायला जागा वाढते. अंड्याची कवचं धुऊन, वाळवून, चुरून घातली तर कॅल्शियम मिळतं. अख्खी टाकली तर वर्षभरानं चाळणीत परत भेटतात.

लिंबू-संत्र्याच्या साली, कांद्या-लसणाची टरफलं, मिरचीची देठं याच रांगेतली. साध्या खताच्या टोपलीत ती बिनधास्त चालतात, फक्त एका दिवशी पंचवीस लिंबं पिळून त्यांच्या साली एकदम ओतू नयेत. याद्यांमधलं भांडण गांडूळखतामुळे आहे. लाल गांडुळांची कातडी ओली आणि नाजूक असते, आंबट, तिखट, खारट त्यांना सोसत नाही आणि पस्तीस अंशांवरची उष्णताही नाही. 'लिंबू नको' हा गांडुळांच्या डब्याचा नियम आहे. तो सगळ्या टोपल्यांना लावायचं कारण नाही.

कडुलिंबाची पानं चालतात, पण थोडी. सागाचं पान जाड असतं, ते हातानं चुरून टाकावं.

आमटीचं काय करायचं?

काकूंचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्यात तिन्ही कारणं थोडी थोडी आहेत. शिळी पोळी, उरलेला भात, भाकरी हे खरं तर जंतूंचं आवडतं खाणं. पण भात चिकट असतो, त्याचा गोळा बसतो आणि आत हवा जात नाही. त्यामुळे पोळी कुसकरून, भात मोकळा करून, थोडा थोडा, पाचोळ्यात पुरून टाकला तर काही बिघडत नाही. बुरशी आलेली पाव-पोळीही चालते, बुरशी तर आपली कामगारच.

आमटीत पाणी आहे, तेल आहे आणि मीठ आहे. पाणी गाळून टाकता येतं. तेल कचऱ्याच्या तुकड्यांवर चढतं आणि हवा अडवतं, म्हणून तर्री, तळणीचं तेल, तुपकट खरकटं नको. मिठाची गोष्ट वेगळी. मीठ कुजत नाही. जितकं घातलं तितकं खतात राहतं आणि मग कुंडीत जातं. शेतात ते पावसानं धुऊन जाईल, कुंडी लहान असते, तिथे ते साठतं. पानांची टोकं करपतात आणि आपण म्हणतो झाडाला पाणी कमी पडलं. म्हणून लोणचं, पापड, चिवडा, फरसाण नको. भाजी-आमटीचं खरकटं चाळणीत घेऊन एकदा पाण्याखाली धरलं, निथळू दिलं आणि मग टाकलं तर चालतं. काकूंना मी हेच सांगितलं. त्यांनी त्यासाठी जुनी पिठाची चाळणी मोरीजवळ अडकवली आहे.

चहाचा चोथाही असाच. दूध-साखरेचा चहा असेल तर मुंग्या लागतात, एकदा धुतला की उत्तम. चहाच्या पुड्या, म्हणजे टी-बॅग, मात्र फाडून आतली पावडर घ्यावी. कित्येक पुड्यांचा कागद प्लास्टिकच्या धाग्यानं चिकटवलेला असतो.

ज्यांच्याकडे शिजवलेलं अन्नच जास्त उरतं, खाणावळ, मेस, मोठं कुटुंब, त्यांनी खताऐवजी बायोगॅसचा विचार करावा. खताला जो भात जड जातो तो गॅसच्या टाकीला फार मानवतो, कारण तिथे हवा नकोच असते आणि पिठूळ पदार्थांपासून गॅस भरभर तयार होतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारी छोटी टाकी तयार केली, तिला 2006 मध्ये शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा अॅशडेन पुरस्कार मिळाला.

मटण-मासे, आणि टोपली केवढी आहे हा प्रश्न

मांस, मासे, हाडं, दूध-पनीर कुजत नाहीत असं नाही. ती फार लवकर कुजतात. त्यांचा वास मांजरांना, उंदरांना, घुशींना आधी पोचतो. दुसरी अडचण उष्णतेची.

ओल्या गवताची गंजी रचली तर आतून तापते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जंतू खातात तेव्हा उष्णता सुटते. ढीग मोठा असेल, साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, तर ती उष्णता आत साठते आणि ढीग साठ अंशांच्या आसपास जातो. मोठ्या प्रकल्पांत ढीग पंचावन्न अंशांवर निदान तीन दिवस राहील याची काळजी घेतात, कारण त्यात रोगजंतू, किड्यांची अंडी आणि तणाच्या बिया मरतात. बाल्कनीतली वीस लिटरची टोपली तेवढी तापत नाही. कोमट होते, फार तर हाताला गरम लागते, आणि बाजूनं निवते. माल कुजतो, पण शिजून निघत नाही.

हा फरक कळला की बरेच नियम आपोआप उलगडतात. बाल्कनीत मासे नकोत, पण सोसायटीच्या झाकणबंद मोठ्या पिंपात, मधोमध, जाड पाचोळ्याखाली थोडी माशांची खवलं गेली तर चालतं. कोकणात माशाचं पाणी, खवलं माडाच्या मुळाशी पुरायची रीत आहेच, आणि ती चांगली आहे. तिथे जमीन आहे, खोल खड्डा आहे. रोगट झाडाची पानं मोठ्या तापलेल्या ढिगात चालतात, टोपलीत नाही. गाजरगवत फुलायच्या आधी उपटलं तर त्याचं खत होतं. फुलल्यावर नको. एका रोपाला हजारो बिया धरतात आणि कोमट टोपलीत त्या मरत नाहीत. पुण्याच्या माळरानांवर ते 1950 च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आज देशभर पसरलं आहे, यावरून त्या बियांचा चिवटपणा लक्षात यावा. उपटताना हातमोजे घालावेत, अनेकांना त्याची खाज येते.

कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेचंही तेच. गाईचं शेण सोनं आहे, पण मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात, मांजराच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो, आणि घरची टोपली ते मारू शकत नाही. ज्या कुंडीतली कोथिंबीर आपण कच्ची खाणार त्यात हे खत जाणार आहे. इथे 'थोडं चालेल' म्हणू नये.

जे कधीच नाही

प्लास्टिक, काच, धातू, थर्मोकोल हे सगळ्यांना माहीत आहे. फसवणूक होते ती कागदासारख्या दिसणाऱ्या वस्तूंनी. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. चकचकीत पत्रावळीही तशीच. पळसाच्या पानांची पत्रावळ, केळीचं पान मात्र फाडून घाला, छान कुजतं. दुकानातलं गुळगुळीत बिल ज्या कागदावर छापतात त्याला उष्णतेनं काळं होणाऱ्या रसायनाचा लेप असतो, त्यात पुष्कळदा बिस्फेनॉल असतं. ते मातीत नको. ओले वाइप्स बहुतेक प्लास्टिकच्या धाग्यांचे. डायपर आणि सॅनिटरी पॅड कुठल्याही परिस्थितीत नाहीत, ते वेगळे गुंडाळून, खूण करूनच द्यायचे, म्हणजे आपला कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला ते उघडून बघावे लागत नाहीत.

सुताराकडून भुसा आणताना विचारा, लाकडाचा की प्लायवूडचा? प्लायचा भुसा बारीक, फिकट आणि फार आकर्षक दिसतो, पण त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. चुलीतली लाकडाची राख चिमूट-मूठभर चालते, जास्त झाली तर खत अल्कधर्मी होतं. दगडी कोळशाची राख नको, तिच्यात जड धातू असतात. उरलेली औषधंही नकोत. प्रतिजैविकं आपल्या कामगार जंतूंनाच मारतात.

निर्माल्याचं मन लावून करावं लागतं. फुलं, दुर्वा, बेल, तुळस, आघाडा सगळं चालतं. झेंडूच्या पाकळ्या तर फार लवकर जिरतात. पण हार सोडवताना दोरा, जर, चमकी, फुलांत खोवलेला स्पंजचा तुकडा काढलाच पाहिजे. हळद थोडी असली तर काही होत नाही. कुंकू, गुलाल, अष्टगंध यांत रासायनिक रंग असू शकतात, ते भरपूर पडलेली फुलं मी वेगळी ठेवते.

'कम्पोस्टेबल' लिहिलेली पिशवी

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि माझा स्वतःचा अनुभवही यातच आहे. एका दुकानातून हिरव्या रंगाची, 'कम्पोस्टेबल' छापलेली पिशवी आणली आणि कचऱ्यासकट टोपलीत टाकली. आठ महिन्यांनी खत चाळलं तेव्हा ती तशीच होती. कडा थोड्या विरलेल्या, छपाई वाचता येत होती. मला वाटलं मला फसवलं. नंतर समजलं की बहुतेक अशा पिशव्यांची चाचणी औद्योगिक प्रकल्पाच्या परिस्थितीत, अठ्ठावन्न अंशांच्या आसपास, होते. मका किंवा उसापासून केलेलं ते प्लास्टिक खरंच मोडतं, पण त्याला ती उष्णता आठवडेच्या आठवडे लागते. आपल्या टोपलीत ती येत नाही. पिशवीवर 'घरगुती कम्पोस्टसाठी' असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ती टोपलीत घालू नका.

'बायोडिग्रेडेबल' हा शब्द आणखी ढिला आहे. त्यातल्या काही पिशव्या साध्या प्लास्टिकमध्ये रसायन मिसळून केलेल्या असतात. उन्हानं त्यांचे तुकडे होतात, तुकड्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा मातीतच राहतो. दिसेनासं झालं म्हणजे कुजलं असं नव्हे.

"आमच्या आजीच्या उकिरड्यात सगळंच जायचं की!"

जायचं, आणि उत्तम खत व्हायचं. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, असं आपल्याकडे म्हणतात. पण त्या उकिरड्यात काय होतं ते आठवून पाहा. रोजचं शेण, गोमूत्र, कडब्याचे तुकडे, चुलीची राख, अंगणातला पाचोळा. ओलं आणि कोरडं आपोआप जुळत होतं, ढीग मोठा होता, घराबाहेर होता, आणि वर्षभरानं शेतात जात होता. हाड पडलं तर कुत्र्यानं नेलं, कोणाची तक्रार नव्हती. आणि त्यात प्लास्टिक नव्हतंच.

तरीही उघड्या उकिरड्यात बराच नायट्रोजन उन्हा-पावसात उडून आणि वाहून जायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी यावरच आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत म्हणजे भिंतींत जागोजाग भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर देतात आणि वरून लिंपून बंद करतात. भोकांतून हवा जाते, लिंपणानं ओल टिकते, आणि थोड्या शेणात पुष्कळ खत तीन-चार महिन्यांत होतं. शहरातल्या टोपलीला बाजूनं भोकं असतात ती याच कारणासाठी. ती बुजली असतील तर काडीनं मोकळी करा.

अळ्या झाल्या, आता?

पावसाळ्यात झाकण उघडलं आणि पांढुरक्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसल्या की बहुतेक घरांत त्याच दिवशी टोपली बंद होते. थोडं थांबा. चपट्या, वळ्या-वळ्यांच्या, मोठ्या झाल्यावर तपकिरी होणाऱ्या अळ्या पुष्कळदा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या कचरा अक्षरशः फस्त करतात. ती माशी चावत नाही, आपल्या ताटावर येऊन बसत नाही. अळ्या म्हणजे टोपलीत ओल जास्त झाल्याची खूण. कोरडा पाचोळा भरपूर घाला, ढवळा, झाकणाखाली जुना सुती कपडा बांधा, हळूहळू कमी होतात. एकदा एका मुलीला मी अळी तळहातावर घेऊन दाखवली. ती ओरडली नाही, तिनं विचारलं, "ही भाजी खाते का?" तेव्हापासून ती रोज डबा घेऊन स्वतः खाली येते.

फळांवर फवारणी असते, ती खतात उतरत नाही का?

शंका रास्त आहे. आजच्या बऱ्याच कीटकनाशकांचं जंतू आणि ओल मिळून विघटन होतं, आणि दोन-तीन महिन्यांच्या कुजण्यात पुष्कळ भाग मोडतो. सगळं शून्य होतं असं मी म्हणणार नाही. पण फळं आणि भाज्या चिरायच्या आधी धुवा, खत पूर्ण होऊ द्या, घाईनं अर्धं कच्चं वापरू नका. त्याच फळाचा गर आपण खाल्लेला असतो, हेही विसरू नये.

महापालिका नेतेच की, मग हा खटाटोप कशाला?

नेते, आणि नेऊन कुठे ठेवते ते बघण्यासारखं आहे. मुंबईचं देवनार कचराभूमी 1927 पासून वापरात आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली आणि धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला, तिथले गावकरी त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. ओला कचरा ढिगात दबला की त्याला हवा मिळत नाही आणि मिथेन तयार होतो. तो पेट घेतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट भारी पडतो. तीच भाजीची देठं माझ्या टोपलीत हवा लागून कुजली तर मिथेन फारसा होत नाही. शिवाय ओला कचरा मिसळला नाही की सुका कचरा स्वच्छ राहतो, आणि तो वेचून विकणाऱ्या बायकांच्या हाताला घाण कमी लागते, पैसा जास्त.

झालं हे कसं ओळखायचं

टोपलीत दोन ते तीन महिन्यांत माल बसून तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. रंग काळपट, वास मातीचा, आणि देठ-साल ओळखू येत नाही. शंका असेल तर ओंजळभर खत पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून पंधरा दिवस द्या. कच्चं खत कुंडीत गेलं तर जंतू तिथेही खातच राहतात आणि झाडाचा नायट्रोजन पळवतात.

तयार माल पसरून सावलीत दोन दिवस वाळवायचा आणि चाळायचा. मी चाळण मारते तेव्हा वर जे उरतं ते नेहमी वेगळं काढून बघते. कोय, कवचं, काथ्याच्या गाठी, जाड देठं: ही पुढच्या टोपलीच्या तळाशी जातात, त्यांच्यावर बसलेले जंतू नव्या मालाचं विरजण होतात. आणि मग उरतं सफरचंदावरचं स्टिकर, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, हाराचा दोरा, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कधी एखादा स्टीलचा चमचा. मागच्या चाळणीत एकवीस स्टिकर निघाले. ते मी डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवले आहेत, आणि आता घरातला प्रत्येक जण फळ धुतानाच स्टिकर काढतो.